दारावर आलेत, ड्राइव्हवे धुऊन सील करून देतो म्हणतायत. करून घ्यावं का?

भिंगरी
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. आज सकाळी दोघंजण व्हॅन घेऊन दारावर आले. म्हणाले पलीकडच्या गल्लीत काम चाललंय, माल उरलाय, तुमचा ड्राइव्हवे धुऊन वर सीलर मारून देतो, संध्याकाळपर्यंत नव्यासारखा, हा रेट फक्त आजच्यापुरता. घरापुढे पेव्हर ब्लॉक टाकून सात वर्षं झालीत, साधारण ६० चौरस मीटर असेल. सावलीच्या बाजूला शेवाळ इतकं की सासरे मागच्या महिन्यात घसरता घसरता वाचले, फटीफटीतून गवत आलंय आणि गाडी उभी असते तिथे ऑइलचा हा एवढा मोठा डाग. म्हणजे काम करायचंच आहे हे नक्की. मी त्यांना सोमवारी या म्हणून वाटेला लावलंय. पण सीलर हा प्रकार नक्की काय असतो, तो लागतो का, आणि दारावर आलेल्या माणसाकडून करून घेतलेलं कुणाचं चांगलं झालंय का ते सांगा. वाईट झालं असेल तर तेही सांगा.

तिरकस_बाण
"माल उरलाय" हे वाक्य ऐकलं की मी दार लावतो. ह्यांचा माल कायम उरलेलाच असतो, हिशोब करून कधी कुणी आणतच नाही वाटतं. प्रेशर वॉशर भाड्याने घ्या आणि एका सुट्टीच्या दिवशी स्वतः धुवा, विषय संपला.

नळदुरुस्त
मी स्वतः धुतला होता, म्हणून सांगतो की विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. वॉशर आणला, सगळ्यात बारीक धारेचं नोझल लावलं कारण त्याने घाण पटकन निघत होती आणि मजा पण येत होती, आणि दुपारपर्यंत सगळे ब्लॉक लख्ख. लख्ख म्हणजे इतके की वरचा गुळगुळीत थरच उडाला आणि आतली खडी दिसायला लागली. काही ठिकाणी मी धार फिरवलेल्या रेघा अजून दिसतात, पाऊस पडला की जास्तच. फटीतली वाळू सगळी उडून भिंतीवर, खिडकीवर, माझ्या तोंडावर. सहा महिन्यांनी गाडीच्या चाकाखालचे ब्लॉक डुगडुगायला लागले.

तिरकस_बाण
ते तुमच्या नोझलचं पाप, वॉशरचं नाही :)

खडीवाला
पेव्हिंगच्याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. भिंगरी ताई, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पेव्हर ब्लॉक सिमेंटने चिकटवलेले नसतात. एकमेकांना धरून उभे असतात ते फटीतल्या वाळूमुळे. दोन ब्लॉकमध्ये २ ते ५ मिलिमीटरची फट असते, तीत बारीक कोरडी वाळू ठासून भरलेली असते, गाडीचं वजन एका ब्लॉकवर आलं की ही वाळू ते आजूबाजूच्या ब्लॉकवर वाटून देते. वाळू गेली की प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो, मग तो डुगडुगणार, खचणार, कोपरा उडणार. नळदुरुस्त यांचं तेच झालं.

म्हणून दारावर येवो नाहीतर ऑफिस थाटून बसलेला असो, पहिला प्रश्न सीलरचा विचारायचाच नाही. विचारायचं, "धुतल्यावर वाळू कोण भरणार, कुठली आणि किती?" या प्रश्नावर जो अडखळला त्याला काम येत नाही. धुताना थोडीफार वाळू निघणारच, कितीही जपून धुतलं तरी. ती पूर्ण वाळल्यावर परत भरावी लागते, झाडूने तिरकी लोटायची, वरून कॉम्पॅक्टर, म्हणजे ब्लॉक थरथरवून दाबणारं मशीन, फिरवायचा, त्याच्या खाली रबराचा पट्टा लावून म्हणजे ब्लॉकला चरे पडत नाहीत, मग परत वाळू, कारण पहिल्या खेपेला ती खाली बसते. सीलर हा यानंतरचा विषय आहे, आणि बऱ्याच घरांना त्याची गरजच नसते. हे सांगून मी माझ्याच धंद्यावर पाणी ओततोय, पण असो.

घरकोंबडा
"एकटा पडतो" वाचून ब्लॉकबद्दल वाईट वाटलं.

चष्मीश
खडीवाला, पण सीलर मारला की गवत येत नाही ना? आमच्याकडे एकजण याच मुद्द्यावर पटवून गेला होता.

खडीवाला
येतं. लोकांना वाटतं गवत खालून उगवतं. बहुतेक वेळा ते वरून येतं, वाऱ्याने धूळ आणि बी फटीत पडतं आणि तिथेच रुजतं. पातळ थर देणारा सीलर वाळूला वरून घट्ट करतो त्यामुळे काही दिवस कमी येतं हे खरं. पण वर्षभरात त्या थरावर पुन्हा धूळ बसते आणि त्या धुळीत गवत. झाडू मारणं सुटत नाही.

रंगारी
सीलर म्हणजे काय हा प्रश्न राहूनच गेला. ढोबळमानाने दोन जाती. एक वर पातळ थर देणारा, बहुतेक ॲक्रिलिक, पाण्यात बनवलेला किंवा सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे थिनरसारख्या द्रवात बनवलेला. ओल्या दगडासारखा गडद चकचकीत लुक येतो तो याचा, आणि दारावरचे फोटो दाखवतात ते याचेच. दुसरा आत मुरणारा, सिलेन-सिलॉक्सेन या पाणी दूर ठेवणाऱ्या रसायनांचा. त्याचं वर काहीच दिसत नाही, रंग जवळपास तसाच राहतो, फक्त पाणी आत शिरायचं कमी होतं. तो वाळू धरून ठेवत नाही आणि गवताशी त्याचा काही संबंध नाही.

थर देणाऱ्याचे दोन ताप. एक, ओला झाला की घसरतो, तुमच्या सासऱ्यांचं ऐकून आधी तेच मनात आलं. अँटी-स्लिप पावडर मिसळून मिळते, ती मागा. दोन, तो कायमचा नसतो, ऊन आणि टायर खाऊन दोन ते पाच वर्षांत विटतो, सोलतो, आणि मग परत धुवा परत मारा. एकदा मारला की त्या चक्रात आलात. काढायचा म्हटलं तर स्ट्रिपर, म्हणजे थर सोडवणारं रसायन, लावून घासत बसायचं, ते काम मारण्यापेक्षा दसपट कटकटीचं.

चष्मीश
आणि "संध्याकाळपर्यंत" हे शक्य आहे का? सकाळी धुणार, संध्याकाळी सीलर?

रंगारी
थर देणारा असेल तर माझ्या मते नाही. धुतल्यावर ब्लॉक वरून दोन तासांत कोरडा दिसतो पण आत आणि वाळूत पाणी असतंच. चांगलं ऊन असलं तरी २४ तास, नाहीतर ४८. ओलसर असताना सीलर मारला की आतली वाफ वर यायला बघते, थर तिला अडवतो आणि सगळा पृष्ठभाग पांढुरका ढगाळ होतो. लोकांना वाटतं माल खराब होता. माल बरा असतो, घाई खराब असते.

एक अपवाद आहे, काही पाण्याचे सीलर ओलसर ब्लॉकवर चालतील असेच बनवलेले असतात. पण ते डब्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे आधी डबा दाखवायला हवा.

पाण्याचा_फवारा
इतका वेळ गप्प वाचत होतो. मी हेच काम करतो आणि हो, दारं वाजवूनच करतो. जाहिरातीला पैसे नसतात तेव्हा माणूस दार वाजवतो, त्यात चोरी काय आहे? एका गल्लीत काम चालू असताना शेजारी विचारतात, किंवा आपणच विचारतो, मशीन आणि पाण्याचा टँकर तिथेच असतो म्हणून येण्याजाण्याचा खर्च वाचतो आणि रेट खरंच थोडा कमी देता येतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

पण "आजच्यापुरता रेट" म्हणणारा मला पण आवडत नाही. माझा रेट आज आहे तो पुढच्या आठवड्यात पण असतो. ताई, त्यांना फक्त एवढं विचारा की या गल्लीतलं कुठलं घर केलंत, आणि दोन वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर दाखवा. काल केलेलं सगळ्यांचंच चमकतं.

तिरकस_बाण
फवारा साहेब, पटलं. माझी पहिली कमेंट अर्धी मागे घेतो.

नळदुरुस्त
अर्धीच?

तिरकस_बाण
माल उरल्याची अर्धी ठेवतो.

भिंगरी
सगळ्यांचे आभार, किती माहिती आहे ही. पण आता एक घोळ कळलाय. मी आत गेल्यावर बाबांनी (सासऱ्यांनी) त्यांना विसार देऊन टाकलाय. रोख. म्हणे पोरं चांगली वाटली, बोलायला नम्र होती, आणि त्यातल्या एकाने त्यांची खुर्ची उन्हातून सावलीत सरकवून दिली. पावती मागितली तर एका वहीच्या कागदावर रक्कम, मोबाईल नंबर आणि नुसतं पाळण्यातलं नाव. मी काही बोलले नाही त्यांना, आधीच त्यांचं तोंड उतरलंय. आता?

घरकोंबडा
खुर्ची सरकवणं हा फार वरच्या दर्जाचा सेल्समनपणा आहे.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय इथे. माझ्या वडिलांचं डिट्टो असंच झालं होतं, फक्त आमचा डांबरी होता. दोघं आले, काळं काहीतरी फवारलं, तासाभरात पैसे घेऊन गेले. चार दिवस झाले तरी हाताला काळं लागत होतं, घरभर काळी पावलं. पहिल्या जोराच्या पावसात सगळं वाहून रस्त्यावर आलं. नंतर एका ओळखीच्याने वास घेऊन सांगितलं की सीलर थोडा आणि पातळ करायला घातलेलं बाकीच जास्त. पैशांपेक्षा वडिलांनी त्यानंतर दार उघडणंच बंद केलं त्याचं जास्त वाईट वाटलं. त्यामुळे तुम्ही सासऱ्यांना काही बोलला नाहीत ते फार बरं केलंत.

रंगारी
डांबरी निघालाच आहे तर जाता जाता, कोल टार म्हणजे कोळशाच्या डांबराचे सीलर कुणी आणले तर नाही म्हणा. त्यात आरोग्याला घातक अशी रसायनं बरीच असतात, पावसाबरोबर ओढ्यानाल्यात जातात. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ मध्येच त्यावर बंदी घातली. ब्लॉकच्या सीलरचा याच्याशी संबंध नाही, गल्लत नको.

चष्मीश
भिंगरी, विसार गेला असं लगेच धरू नका. दारावर केलेल्या व्यवहाराला बऱ्याच देशांत विचार बदलायची मुदत असते, युरोपियन युनियनमध्ये साधारणपणे १४ दिवस, अमेरिकेत कामाचे ३ दिवस. तुमच्याकडचा नियम बघा. पण एक मेख आहे, तुम्ही मुदतीच्या आत काम सुरू करा असं स्वतःहून सांगितलंत तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागू शकतात. म्हणून सोमवारी गेटवरच बोला, मशीन सुरू व्हायच्या आधी. आणि व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा, सहज काढल्यासारखा.

खडीवाला
मी असतो तर त्यांना हाकललं नसतं. विसार दिलाय ना, मग तो धुण्यात वळता करा. धुण्याचं काम समोर दिसतं, त्यात फसवायला फार जागा नाही. सीलर आत्ता नको म्हणा. आणि हे विचारा, मी लिहून देतो तसंच विचारा. सीलरचं नाव काय आणि डबा सीलबंद आहे का. किती लिटर आणलंय.

लिटर का ते सांगतो. तुमचे ६० चौरस मीटर. दोन हात मारायचे, कारण एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ बरे. पहिल्या हाताला ब्लॉक आणि वाळू पितात, एका लिटरमध्ये साधारण ४ चौरस मीटर धरा, म्हणजे १५ लिटर. दुसऱ्या हाताला ६ धरा, म्हणजे १०. झाले २५. मालाप्रमाणे कमीजास्त होईल पण निम्म्यावर येणार नाही. आता त्याच्याकडे दोन ठिकाणी वापरून उरलेला अर्धा डबा असेल, तर तो तुमच्या ड्राइव्हवेवर नक्की काय मारणार आहे ते तुम्हीच ठरवा.

तिरकस_बाण
म्हणजे माल खरंच उरला असला तरी पुरणार नाही. वा! यासाठी माझी राहिलेली अर्धी कमेंट फ्रेम करून लावा.

पाण्याचा_फवारा
खडीवाला बरोबर बोलतायत. धुण्याबद्दल माझ्याकडून: धार ब्लॉकपासून हातभर लांब, पंख्यासारखी पसरणारी, तिरकी, फटींना आडवी. फटीच्या रेषेत सरळ धार मारली की वाळू खोदली जाते. गोल झाकणवाला सरफेस क्लीनर असेल तर सगळ्यात बरं, पट्टे पडत नाहीत आणि भिंतीवर चिखल उडत नाही. शेवाळाला आधी मारणारं औषध लावून ठेवलेलं चांगलं, मेलेलं शेवाळ कमी धारेत निघतं. नुसतं धारेने काढलं तर वरचं जातं आणि खालचं तिथेच, थोड्याच दिवसांत परत हिरवं.

रंगारी
आणि ते औषध म्हणजे पुष्कळदा ब्लीच असतं, सोडियम हायपोक्लोराइट. झाडांवर आधी साधं पाणी मारून घ्या, नंतर पण मारा. कुणीही ब्लीचवर ॲसिड ओततोय असं दिसलं तर काम तिथल्या तिथे थांबवा, क्लोरीन वायू निघतो, छातीत जातो. पेव्हरवरचे पांढरे डाग काढायला ॲसिड वापरतात आणि शेवाळाला ब्लीच, आणि दोन्ही एकाच बादलीतून जातात, अशी कामं मी बघितलीयत. ॲसिड तसंही जपून, सिमेंट खातं ते.

चष्मीश
पांढरे डाग म्हणजे भिंतीला लागतो तो लोणाच ना?

रंगारी
त्याच घरातला. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर होतो. नवीन ब्लॉकला जास्त, हळूहळू आपला आपण कमी होतो. म्हणून नव्या पेव्हरवर दोन-तीन महिने तरी सीलर मारू नये, नाहीतर लोणा आत आणि काच वर अशी गत. भिंगरी यांचे सात वर्षांचे आहेत, त्यांना ही भीती फार नाही.

घरकोंबडा
एक बाळबोध प्रश्न. घाण पाणी कुठे जातं?

पाण्याचा_फवारा
बाळबोध नाही, हाच प्रश्न कुणी विचारत नाही. पावसाच्या पाण्याच्या गटारात गेलं तर पुष्कळ ठिकाणी ते सरळ ओढ्यात जातं, मध्ये कुठे शुद्धीकरण नसतं. त्यात वाळू गेली तर गटार तुंबतं आणि शेजारी भांडायला येतात. मी तोंडाशी वाळूच्या पिशव्या लावतो, गाळ फावड्याने भरून घेतो. त्यांना विचारा, गाळ कोण उचलणार.

नळदुरुस्त
माझा गाळ अजून बागेच्या कोपऱ्यात आहे. त्यावर आता झेंडू आलाय.

भिंगरी
सोमवार, दुपार. अपडेट देते, मोठं होईल.

आले, वेळेवर आले हे सांगायला हवं. मी गेटवरच उभी राहिले, वही घेऊन, बाबा मागे खुर्चीवर. सीलरचं नाव विचारलं तर म्हणे "स्पेशल कोटिंग आहे, बाहेरून येतं". डबा बघू म्हटलं तर व्हॅनमधून एक २० लिटरचा ड्रम निघाला, लेबल नाही, झाकण एकदा उघडून परत दाबलेलं, हलवला तर अर्ध्याहून कमी वाटला. मी म्हटलं मला ६० मीटरला २५ लिटर लागतील. तर तो मोठा हसला आणि म्हणाला यात पाणी घालून वाढतं. खरंच असं म्हणाला! वाळू कधी भरणार विचारलं तर "सीलर मारल्यावर वाळू लागत नाही ताई".

मग मी सांगितलं की सीलर नको, फक्त धुवा, विसार त्यातच धरा, आणि गाळ उचलून न्या. त्यांची कुजबुज झाली थोडी. मोठा नाराज होता, व्हॅनमध्ये जाऊन बसला, पण तो खुर्ची सरकवणारा धाकटा म्हणाला ठीक आहे. आणि खरं सांगू का, धुतलं त्याने चांगलं. मी फवारा यांनी लिहिलंय तसं धार तिरकी ठेव म्हटलं तर म्हणाला माहितीय ताई, मोठा मला घाई करायला लावतो. एक कोपरा तेवढा सरळ धारेने खोदला गेला, पावसाचा पाइप उतरतो तिथला. तिथले चार-पाच ब्लॉक आता हलतायत. शेवाळ गेलं, गवत गेलं, ऑइलचा डाग आहे तिथेच, उलट बाकी सगळं उजळल्यामुळे तो जास्तच उठून दिसतोय.

पाण्याचा_फवारा
त्या धाकट्याचा नंबर असेल तर मला कळवा. थट्टा नाही करत, माणूस हवाय मला.

खडीवाला
पाइपखालचा कोपरा धारेने खोदला गेला हे अर्धंच कारण. तिथे रोजचं पाणी पडून खालची वाळू आधीच वाहिलेली असणार, त्याने फक्त दाखवून दिलं. तेवढे ब्लॉक उचला, स्क्रू ड्रायव्हर दोन बाजूंनी घालून पहिला निघतो, बाकीचे मग हाताने. खाली बेडिंगची, म्हणजे ब्लॉकखाली अंथरायची वाळू घाला, एका सरळ फळीने सपाट करा, ब्लॉक परत बसवा, अंदाजे ५ मिलिमीटर वर राहू द्या म्हणजे ठोकल्यावर बरोबरीत येतील. आणि पाइपचं पाणी लांब न्या, नाहीतर वर्षाने परत हेच.

फटीत भरायची वाळू मात्र कोरडीच घ्या, भट्टीत वाळवलेली, पिशवीत मिळते. बांधकामाची ओली जाड वाळू त्या फटीत जातच नाही, वर नुसती पसरते. आणि ब्लॉक खडखडीत वाळल्याशिवाय भरू नका.

चष्मीश
पॉलिमरवाली वाळू कशी? पाणी मारलं की घट्ट होते ती?

खडीवाला
चांगली आहे पण क्षमा करत नाही. ब्लॉकवर तिची जराही भुकटी राहिली आणि वर पाणी मारलं की पांढरा थर बसतो, निघता निघत नाही. ब्लोअर हवा, कोरडी हवा हवी, पुढे २४ तास पाऊस नको. पहिल्यांदा स्वतः करणाऱ्याला मी साधीच सांगेन, चुकलं तर झाडूने परत लोटता येते. आणि तुमचे पेव्हर पाणी जिरवणारे असतील, रुंद फटीत बारीक खडी भरलेले, तर त्यात वाळू भरायची नाही, सीलरचा थर पण नाही. ज्यासाठी ते टाकले तेच बंद होईल.

भिंगरी
साधेच आहेत. वाळलेत हे कसं ओळखायचं? वरून तर आत्ताच वाळल्यासारखे दिसतायत.

रंगारी
प्लॅस्टिकचा कागद, साधारण ४५ सेंटिमीटर चौकोनी, चारही बाजूंनी टेपने चिकटवा, १६ तास ठेवा. ही काँक्रीटची चाचणी आहे पण इथेही चालते. उचलल्यावर खालून थेंब किंवा गडद डाग दिसला तर ओल आहे. सावलीच्या बाजूला लावा, उन्हात लावून स्वतःला फसवू नका.

भिंगरी
मंगळवार सकाळ. कागदाखाली थेंबच थेंब! वरून ठणठणीत कोरडं होतं हो. बाबांना बोलावून दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, म्हणजे ते काल संध्याकाळी यावर रंग मारणार होते होय.

आणि दुसरं. पलीकडच्या गल्लीत खरंच त्यांनी एक घर केलं होतं, शनिवारीच, धुणं आणि सीलर एका दिवसात. मी काल संध्याकाळी मुद्दाम त्या बाजूने फिरायला गेले. कडेकडेने चकचकीत आणि मध्ये सगळा पांढरा ढग. त्या काकू पाइपने पाणी मारून तो धुवायचा प्रयत्न करत होत्या. मी रंगारी यांचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं, घाई खराब. काही उपाय आहे का त्यांच्यासाठी?

रंगारी
पाण्याने जाणार नाही, पाणी मारणं थांबवा म्हणावं. सॉल्व्हंटचा ॲक्रिलिक असेल तर झायलीन नावाच्या सॉल्व्हंटचा पातळ हात रोलरने फिरवतात, जुना थर मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि परत बसतो. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेत करून बघायचं. पण झायलीन पेट घेतं, वाफ डोक्यात चढते, उघड्या हवेत, मास्क लावून, जवळपास ज्योत नको, खिडक्या बंद. आणि मुळात त्या ड्रममध्ये काय होतं हेच कुणाला माहीत नाही, त्यामुळे मी काकूंना आधी पाणी थांबवून आठवडाभर ऊन खाऊ द्या म्हणेन. थोडं आपोआप उतरलं तर नशीब.

वाचनमात्र
फोटो काढून ठेवा म्हणावं त्यांना. आमच्याकडे वाहून गेल्यावर दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

भिंगरी
पुढच्या रविवारी लिहितेय. कागद तिसऱ्यांदा लावला तेव्हा कोरडा निघाला. पाइपचा कोपरा मी आणि नवऱ्याने उचलून परत बसवला, खाली खरंच एक पोकळी होती, मूठ जाईल एवढी. पाइपला पुढे एक तुकडा जोडून पाणी वाफ्यात सोडलंय. वाळूच्या पिशव्या हिशोबाने चार आणल्या त्या पुरल्या नाहीत, आणखी दोन आणल्या. कॉम्पॅक्टर भाड्याने घेतला, रबराचा पट्टा मागून घेतला, दुकानदाराने चमकून बघितलं.

सीलर नाही मारला. बाबा घसरतील ही एक भीती आणि दर दोन-तीन वर्षांनी तेच करत बसायचं ही दुसरी. आत मुरणाऱ्याचा विचार पुढच्या उन्हात करू. फवारा, धाकट्याला तुमचा नंबर दिलाय, त्याचा फोन आला का?

पाण्याचा_फवारा
आला. गुरुवारपासून येतोय. वाळू कशी भरतात ते विचारत होता.

नळदुरुस्त
आणि ऑइलचा डाग?

भिंगरी
आहे. मांजराच्या ट्रेमधली माती टाकून पाहिली, ताजं होतं तेवढं शोषलं, जुनं तसंच. डिग्रीझर लावून घासलं दोनदा, फिकट झालाय.

खडीवाला
एवढ्यासाठी डोकं लावू नका. ते सहा-सात ब्लॉक उचला आणि उलटे करून बसवा, खालची बाजू कोरी असते. कडा गोल केलेले असतील तर जमणार नाही, मग कोपऱ्यातले, कुंडीखालचे काढून अदलाबदल करा. पेव्हरचा हाच तर फायदा आहे.

भिंगरी
अरे हो की!! कडा गोल आहेत, पण कुंड्या भरपूर आहेत. बाबा आत्ताच स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेलेत.